वृंदगानात भाव आणायचा, पण आपला आवाज वेगळा पडू द्यायचा नाही. कसं जमवता?

आल्टो_मागची_रांग

नमस्कार मंडळी.

मी बरीच वर्षं एकटीच गात आले. भावगीतं, नाट्यपदं, थोडं शास्त्रीय शिक्षण. आता चार भागांच्या वृंदगानात (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस) आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा भाग, गाते आणि एका जागी अडले आहे.

एकटीने गाताना शब्द कुठे हळुवार करायचा, कुठे जरा रेंगाळायचं, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) कुठे घ्यायची, हे माझं मला सुचतं. वृंदात तसं गायले की आमचे सर तालीम थांबवून म्हणतात, "आल्टोतून एक आवाज बाहेर येतोय." तो माझा असतो. मग मी आवाज आवरते, सरळ गाते. थोड्या वेळाने तेच सर सगळ्यांना म्हणतात, "सूर चोख आहेत, पण गाणं सपाट चाललंय."

सध्या आमच्यातल्याच एकांनी लिहिलेलं संथ गाणं बसवतोय. त्यात ओळ आहे, "उजळत आली वाट पुढे". "आली"वर मला छोटी मींड घ्यावीशी वाटते, शेजारची घेत नाही. "वाट"वर तर आल्टोला चार मात्रांचा एकच स्वर आहे आणि चाल सगळी सोप्रानोकडे. त्या एका स्वरावर मी भाव आणू तो कसा?

भाव ज्याचा त्याचा आतला असतो असं मी मानते. मग इतक्या जणांचा एकच भाव कसा व्हायचा? की तो संचालकाने आणायचा आणि आपण फक्त सूर सांभाळायचे? "अर्थ मनात आणा, चेहरा हसरा ठेवा" हे करून झालंय, त्याने ऐकण्यात काही फरक पडलेला नाही. मला हे मनापासून शिकायचंय.

टेनर_डावीकडून

आधी गाणं पाठ करा. कागदात डोळे असतात तोवर भाव येत नाही, कारण आवाज खाली छातीकडे जातो आणि सरांचे हात दिसत नाहीत. सगळं पाठ व्हायला वेळ लागत असेल तर प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन शब्द आधी पाठ करा. ओळ संपताना आणि पुढचा श्वास घेताना नजर वर असली की अर्धं काम होतं. बाकीचं जाणकार सांगतील.

खर्जातून

आल्टोताई, मी बेस गातो आणि एका हौशी वृंदाच्या तालमीही घेतो, त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी समोर येत असतो. जरा सविस्तर लिहितो.

इतक्या जणांचा आतला भाव एक होत नाही, व्हायची गरजही नाही. ती ओळ गाताना तुम्हाला एक आठवत असेल, शेजारणीला दुसरंच. राहू द्या. श्रोत्यापर्यंत पोचतं ते कानाला कळणारं काहीतरी: कुठल्या शब्दावर वजन पडलं, स्वर वाढला की विरला, "आ"चा रंग कसा होता, व्यंजन किती ठाम पडलं, दोन ओळींमधला श्वास घाईचा होता की निवांत. या गोष्टी मात्र सगळ्यांच्या एक होऊ शकतात, आणि त्या एक झाल्या की भाव ऐकू येतो. त्यासाठी त्या आधी ठरवाव्या लागतात. ठरवून आणलेला भाव खोटा, असं एकल गाणाऱ्यांना सुरुवातीला वाटतं. पण बंदिशीचा मुखडा आपण घासून घासून एका जागी आणून ठेवतोच ना? तो काही त्यामुळे खोटा होत नाही.

तुमची "आली"वरची मींड घ्या. तुम्ही एकट्या घेतलीत तर ती बाहेर पडते. सगळ्या आल्टोंनी आपापली घेतली तर एकीची लवकर निघते, दुसरीची उशिरा पोचते, आणि ऐकणाऱ्याला मींड न कळता सूर गढूळ झाल्यासारखा वाटतो. शिवाय त्याच वेळी टेनर-बेस एका स्वरावर उभे असतील तर मधले स्वर त्यांच्यावर घासतात. म्हणून सरांना सरळ विचारा. चालीला ती मींड हवी असेल तर सगळ्यांनी घ्यायची, कुठल्या मात्रेवर निघायचं आणि कुठे पोचायचं ते ठरवून. नको असेल तर ती सोडा आणि त्या शब्दाचा ओलावा दुसरीकडून आणा, म्हणजे "ली"च्या ईवर आवाज थोडा मऊ करून. असे मार्ग पुष्कळ असतात. एकल गाण्यात आपल्याला एखाद-दुसऱ्याची सवय लागलेली असते, इतकंच.

आता सपाटपणा. माझ्या मते याचं सगळ्यात मोठं कारण भाव कमी असणं हे नसतंच. प्रत्येक जण काहीतरी करत असतो, पण एकाचं दुसऱ्याला खोडत असतं. आमच्याकडे नवी ओळ आधी नुसती बोलतात, सूर न लावता, वेगवेगळ्या वजनाने. तुमचीच ओळ बोलून बघा. "उजळत"वर वजन दिलं की उजेड दिसतो. "वाट"वर दिलं की इतके दिवस नव्हती ती वाट सापडते. "पुढे"वर दिलं की पाय उचलतात. तिन्ही बरोबर. पण निम्मा वृंद पहिलं म्हणतोय आणि निम्मा तिसरं, तर ओळीला वजनच उरत नाही. एक निवडायचं आणि पेन्सिलीने त्या शब्दाखाली रेघ मारायची, सगळ्यांनी, त्याच तालमीत.

वजन कुठे द्यायचं हे चालीवर सोडून भागत नाही. हँडल या संगीतकाराच्या १७४१ सालच्या "मसाया" या धार्मिक संगीतरचनेत "फॉर अन्टू अस अ चाइल्ड इज बॉर्न" (कारण आपल्यासाठी एक बाळ जन्मलं आहे) हे समूहगान आहे. त्याची चाल हँडलने आपल्याच एका इटालियन द्विगीतातून आणली. तिथे त्या पहिल्या ठाशीव स्वरावर नकार होता, इंग्रजीत तिथे "फॉर" हा साधा जोडणारा शब्द येऊन बसला. चाल ओढेल तसं गायलं तर सगळा भार त्या "फॉर"वर पडतो. म्हणून तालमीत तो उचलून पुढे "चाइल्ड"कडे न्यावा लागतो. आपल्या गाण्यांतही हे सतत होतं. सम "आणि"वर किंवा "तर"वर आलेली असते आणि सगळा वृंद मोठ्या श्रद्धेने त्या "आणि"वर तुटून पडतो.

समजा तुमच्या सरांनी "पुढे" निवडलं. मग "वाट"वरच्या चार मात्रांचं उत्तर तिथेच मिळतं. तो स्वर "पुढे"कडे निघालेला आहे. पहिली मात्रा हलकी, मग हळूहळू भरत जाणं, चौथीला सगळ्यात भरीव, आणि तिथून "पुढे"वर उतरणं. किती भरायचं? इतकं थोडं की शेजारणीला ते वेगळं जाणवू नये, पण तुम्ही थांबलात तर उणीव जाणवावी. "वाट" निवडलं असतं तर त्याच चार मात्रा उलट्या गेल्या असत्या: भरून सुरुवात आणि मग विरत जाणं. एका जागी थिजलेला लांब स्वर गाण्याला मागे ओढतो, आणि वृंदात असे स्वर बहुतेक वेळा आल्टो-टेनरच्याच वाट्याला येतात. म्हणून मी म्हणतो की वृंदाचा भाव मधल्या दोन भागांच्या हातात असतो. सोप्रानोची चाल सगळ्यांना ऐकू येते, पण ती कशावर उभी आहे त्यावर ती हसरी की कातर ते ठरतं.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सगळ्यात प्रिय आहे. तुमचा स्वर तोच राहतो, पण त्याच्या आजूबाजूचा स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या स्वरांचा गट, बदलत असतो. बाकीचे भाग पुढच्या स्वरमेळात गेले आणि तुमचा जुना स्वर तिथेच राहिला, असं कधी कधी होतं. तो क्षणभर टोचतो, मग एक पायरी खाली उतरून मिटतो. टोचताना किंचित वाढवायचं, उतरताना सोडून द्यायचं. चुकून उलटं केलं तर सुटका हीच धक्क्यासारखी वाटते. सगळ्या गाण्यातली हुरहुर अशा दोन मात्रांत असू शकते आणि ती आल्टोकडे असते! तालमीत स्वतःचा भाग पाठ झाला की एकदा तोंड मिटून बाकीच्या तिघांचे भाग ऐका आणि आपला स्वर कुठे टोचतो, कुठे सामावतो, ते खुणा करून ठेवा.

सूर सांभाळणं आणि भाव आणणं या तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी धरल्यात, तिथे मी थोडा वेगळा विचार करतो. शुद्ध गंधाराचा स्वरमेळ असेल आणि गंधार आल्टोकडे असेल, तर पेटीवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (एक सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो. तुम्ही शास्त्रीय शिकलात, तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार तुमच्या कानात आहे. पेटी बंद असेल आणि बेसचा षड्ज स्थिर असेल तेव्हा स्वर तिथे नेऊन ठेवा. आवाज न वाढवता सगळा स्वरमेळ उजळतो. "उजळत" या शब्दावर हे जमलं तर त्याहून वेगळा भाव आणायची गरजच पडणार नाही.

उच्चारांवर लिहायला बसलो तर रात्र जाईल, म्हणून तुमच्या ओळीपुरतं. "उजळत"मधला ज दाताजवळचा आहे, "जग"मधल्यासारखा. काही जण तो "जीवन"मधल्यासारखा म्हणतात. दोन्ही मिसळले की शब्द अंधुक होतो. "त" पूर्ण म्हणायचा की अर्धा, तेही ठरवा. मराठी बोलण्यात शेवटचा अ गळतो, गाण्यात तो बरेचदा परत येतो, आणि वृंदात निम्म्यांचा गळतो, निम्म्यांचा येतो. "आ" किती उघडा, जबडा किती खाली, हे एकमेकांकडे बघून जुळवा. आवाज बाहेर येतो तेव्हा तो मोठाच असतो असं नाही. बरेचदा त्याचा आ वेगळा असतो.

आल्टो_मागची_रांग

खर्जातूनदादा, एवढं मनापासून लिहिलंत, आभार. वजनाचं वाचल्यावर आमच्या तालमी डोळ्यांसमोर आल्या. आम्ही ओळ बोलून कधीच बघितलेली नाही, थेट सुरात शिकतो.

पण आवाज बाहेर येण्याचं अजून पूर्ण उमगलं नाही. मी आ जुळवला तरी मला स्वतःला ऐकू येत नाही असं वाटतं, आणि नकळत जोर लागतो. आणि लांब ओळीत दम कसा पुरवायचा? मध्येच श्वास घेतला की माझी ओळ तुटते आणि भावही.

ध्वनीवेडी

मी दुसऱ्या सोप्रानोत गाते आणि ध्वनिशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय आहे, म्हणून पहिल्या भागाचं सांगते.

आजूबाजूला आवाज असला की माणूस आपोआप मोठ्याने बोलतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी हे १९११ मध्ये नोंदवलं. वृंदातही हेच होतं. स्वतःचं ऐकू आलं नाही की प्रत्येक जण जोर वाढवतो, मग कुणालाच ऐकू येत नाही. स्टॉकहोमचे संशोधक स्टेन टर्नस्ट्रॉम यांनी गायकांना आपला आवाज इतरांच्या तुलनेत किती ऐकू यावासा वाटतो हे मोजलं. सरासरी साधारण ६ डेसिबल वरचढ, असं उत्तर आलं. म्हणजे "मला मी ऐकू येत नाही" ही तक्रार खरी असते आणि तिचा उपाय बरेचदा उभं राहण्यात असतो. दाटीवाटीने उभ्या असाल तर अंतर वाढवायला सांगा. दोन गायिकांत एक माणूस मावेल इतकी जागा सोडली तरी फरक कळतो. मागच्या रांगेत भिंतीला चिकटून उभ्या राहत असाल तर जागा बदलून बघा.

दुसरं, लगाव, म्हणजे आवाज लावण्याची पद्धत. पाश्चात्त्य पद्धतीने घडवलेल्या एकल गायकाच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास ऊर्जा एकवटलेली असते. त्यामुळे तो वाद्यवृंदाच्या वरून ऐकू येतो. रॉसिंग, सुंडबर्ग आणि टर्नस्ट्रॉम यांनी १९८६ मध्ये तेच गायक एकटे आणि वृंदात गाताना तपासले, तेव्हा वृंदात ते हा भाग कमी करतात असं दिसलं. तुमचं शिक्षण त्या पद्धतीचं नसलं तरी एकल गाताना आवाजाला टोक देण्याची सवय असणारच. जोर तोच ठेवून टोक तेवढं काढा: ओठ जरा गोल, जीभ सैल. आवाज दाबू नका. दाबला की श्वास अडतो, स्वर उतरतो आणि गाणं पुन्हा सपाट होतं.

खर्जातून

ध्वनीवेडींनी नेमकं सांगितलं. उभं राहण्याबाबत मी भर घालतो: कधी कधी चारही भाग मिसळून उभे करा, एक आल्टो, एक बेस, एक सोप्रानो असे. पहिल्यांदा घाबरायला होतं, पण आपला भाग शेजारणीच्या आधाराशिवाय गाता येतो की नाही ते लगेच कळतं. आणि ज्याला आपला भाग पक्का येतो त्यालाच इतरांचं ऐकून त्यांच्याबरोबर वाढता-विरता येतं.

आता दम. वृंदात श्वासाचे दोन प्रकार वेगळे ठेवा. पहिला आळीपाळीचा. लांब ओळीत शेजारीण श्वास घेते तिथे आपण घ्यायचा नाही, आणि जिथे घ्यावासा वाटतो, म्हणजे शब्द संपल्यावर, तिथेही नाही. लांब स्वराच्या मध्यात हळूच बाहेर पडायचं, निवांत श्वास घ्यायचा, आणि त्याच आ वर आधीपेक्षा हलक्या आवाजात परत शिरायचं. परत येताना व्यंजन पुन्हा म्हणायचं नाही. तुमची ओळ तुटली असं तुम्हाला वाटेल, पण आल्टोची ओळ अखंड राहते आणि श्रोता तीच ऐकतो. एकल गाणाऱ्याला हे पचायला वेळ लागतो, पण एकदा विश्वास बसला की फार मोकळं वाटतं. एकटीच्या छातीत कधीच मावणार नाही एवढी लांब ओळ गाता येते.

दुसरा श्वास सगळ्यांचा एकत्र, ओळ सुरू होण्याआधीचा. तो गाण्याचाच भाग आहे. संथ ओळीआधी झटकन श्वास घेतला तर पहिला स्वर कडक येतो, मनात काहीही असो. ज्या लयीत ओळ येणार त्या लयीत श्वास घ्या, तोंडाचा आकार पहिल्या स्वराचा करून. तुमच्या ओळीला "उ"चा. नुसता हा श्वास, पुढे न गाता, तालमीत करून बघा.

अमेरिकन संचालक रॉबर्ट शॉ शब्दांऐवजी आकडे गाऊन घेत. प्रत्येक अर्ध्या मात्रेला एक आकडा किंवा "अँड", सगळं हळू आवाजात. आम्ही "एक नि दोन नि" असं करतो. लांब स्वरावर हे केलं की आतली लय जिवंत राहते, आणि चौथी मात्रा कुठे संपते यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग शब्द घालायचे.

वरचा_षड्ज

मी खर्जातून यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण क्रम मला उलटा वाटतो. वजन, मात्रा, श्वास हे सगळं आधी ठरवून टाकलं तर काही वृंद फार नीटनेटके गातात आणि अंगावर काहीच येत नाही. आमच्या बाई पहिल्या तालमीत गाणं शिकवतच नाहीत. कविता वाचतात, मग विचारतात: हे कोण बोलतंय, आणि कुणाला? "उजळत आली वाट पुढे" हे थकलेल्या सोबत्याला सांगतोय की स्वतःला समजावतोय? दोन्हींचा आवाज वेगळा येतो. सगळ्यांनी एकाच माणसाला सांगायचं ठरवलं की चेहरा हसरा ठेवा असं कुणाला सांगावं लागत नाही. डोळे आपोआप कुणाकडे तरी बघू लागतात.

आणि सगळं पक्कं करू नका. आमच्या बाई एखादी ओळ तालमीत दोन प्रकारे घेतात आणि कार्यक्रमात कुठली येणार ते हातावरून कळतं. त्यामुळे आम्ही बघत राहतो.

खर्जातून

"कुणाला सांगतोय" हा प्रश्न आधी यायला हवा, हे मला पूर्ण पटतं. वजन त्यातूनच निवडलं जावं. थकलेल्या सोबत्याला सांगत असू तर "पुढे". स्वतःला समजावत असू तर बहुधा "उजळत", आणि तेही हळू. मात्र तो प्रश्न विचारून तिथेच थांबणारे वृंदही मी ऐकले आहेत. सगळे भारावलेले असतात, पण शब्द कळत नाही. दोन्ही हवं. दोन प्रकारे ओळ बसवण्याची कल्पना आम्ही या आठवड्यातच करून बघणार.

आल्टो_मागची_रांग

तालीम झाली, म्हणून लगेच लिहिते. सुट्टीत सरांना गाठून विचारलं. त्यांनी सगळ्यांकडून ओळ बोलून घेतली आणि खरोखर तीन गट पडले! चर्चेनंतर सोबत्याला सांगायचं ठरलं, वजन "पुढे"वर. मींड नको म्हणाले, कारण तिथे टेनरचा स्वर घासतो. मला वाईट वाटलं नाही, कारण कळलं. "वाट"च्या तिसऱ्या मात्रेवर सोप्रानो-बेस सरकतात आणि आमचा स्वर टोचतो, हे पहिल्यांदाच ऐकलं. अंगावर काटा आला. पुढच्या रांगेत दोन हात अंतरावर उभी राहिले, आणि सर एकदाही थांबले नाहीत.

एकच अडकलंय. चौथी मात्रा भरून आल्यावर "वाट"चा ट प्रत्येकीचा वेगळ्या वेळी पडतो आणि सगळा परिणाम जातो. कुणी "वाटऽ" असा लांबवतं, कुणाचा ऐकूच येत नाही.

खर्जातून

वा! टोचणारा स्वर सापडला म्हणजे मोठं काम झालं.

ट आणि त्याच्यामागे लगेच "पुढे"चा प, दोन्ही बंद व्यंजनं, म्हणून अवघड जातंय. आ चौथ्या मात्रेच्या अगदी शेवटपर्यंत उघडा ठेवा, ट आधी येऊ देऊ नका. ट "पुढे"च्या मात्रेच्या किंचित आधी, लहानसा, अ न लावता, आणि प थेट मात्रेवर. दोघांच्या मध्ये श्वास नको. आधी ओळ टाळी देत नुसती बोला, टाळी प वर. मग सगळ्यांनी एकाच स्वरावर, चाल सोडून. ते एकदम पडायला लागलं की मगच स्वरमेळ घाला. आणि सरांना सांगा, त्या जागी हाताची खूण ट साठी न देता प साठी द्या. ट आपोआप त्याच्या आधी जाऊन बसतो.